६ फुटी फिश टँकला घरीच संप (टँकखाली ठेवायची फिल्टरची पाण्याची टाकी) बनवतोय, पंप किती लिटरचा घेऊ?

ऑस्करवेडा:
नमस्कार मंडळी. ६ बाय २ बाय २ चा टँक आहे, मासे म्हणजे दोन ऑस्कर, एक सेव्हरम आणि एक प्लेको, सगळे चांगलेच दांडगे झालेत. सध्या एक कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) चालू आहे पण तो आता पुरत नाही, उघडला की आत नुसता चिखल, आणि ऑस्करचं खाणं तुम्हाला माहितीच आहे, अर्धं तोंडात अर्धं पाण्यात. म्हणून खाली स्टँडमध्ये ४ बाय दीड बाय दीडचा काचेचा संप बसवायचा म्हणतोय. पंप किती लिटरचा घेऊ? कुणी म्हणतं ताशी टँकच्या १० पट, कुणी म्हणतं ४ पट बास. दुसरं म्हणजे टँकला भोक पाडायचं जिवावर येतंय, टँकच्या काठावरून वाकवून पाणी खाली संपमध्ये आणणारा पीव्हीसीचा सायफन ओव्हरफ्लो चालेल का? आणि मीडिया (फिल्टरमध्ये बॅक्टेरिया वाढायला भरतात तो माल) काय भरू, सिरॅमिक रिंग, बायोबॉल, लाव्हा रॉक... जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय.

संपवाले काका:
पंप न मीडिया राहू द्या बाजूला, आधी हे सांगा की लाइट गेली तर वरचं पाणी किती खाली येणार आणि ते संपमध्ये मावणार का. सगळं डिझाइन तिथून सुरू होतं.
तुमचा टँक १८० बाय ६० सेंमी, म्हणजे १ सेंमी उंचीत जवळपास ११ लिटर पाणी. संप १२० बाय ४५, त्यात १ सेंमीला साडेपाच लिटर. म्हणजे वर पाणी १ सेंमी उतरलं की खाली २ सेंमी चढणार. आता समजा रिटर्न पाइपचं (पंपाचं पाणी परत वर टँकमध्ये नेणारा) तोंड पाण्याखाली १० सेंमी ठेवलंत. पंप बंद झाला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खेचत राहतो, म्हणजे १०० लिटरच्या वर पाणी खाली आणि संपमध्ये २० सेंमी चढ. संप ४५ सेंमी उंच, चालू असताना २५ सेंमी भरलेला असेल तर पाणी बरोबर काठाला. शिवाय पाइपमधलं पाणी वेगळंच, ते जमिनीवर.
म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारा) भरवशावर तर अजिबात राहू नका, त्यात वाळूचा कण नाहीतर गोगलगाय अडकली की तो असून नसल्यासारखा. पाइपला पाण्याच्या रेषेखाली बारीक भोक पाडतात हवा घ्यायला, तेही चांगलं, पण शेवाळानं बुजतं, अधूनमधून काडी घालून साफ करायचं.

गप्पी_ते_गोरामी:
एवढा खटाटोप कशाला? अजून एक मोठा कॅनिस्टर लावा आणि पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवा. संप म्हणजे आवाज, बाष्पीभवन, स्टँडमध्ये कायम ओल. फिल्टर कितीही मोठा असला तरी माशांच्या घाणीतून शेवटी बनणारं नायट्रेट पाण्यातच राहतं, ते बदलल्याशिवाय जात नाही, ऑस्करवाल्याला आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावंच लागतं.

संपवाले काका:
नायट्रेटचं शंभर टक्के बरोबर. पण कॅनिस्टर बंद डबा असतो, लाइट चार-पाच तास गेली की आतला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात आणि चालू केल्या केल्या ती घाण टँकमध्ये. एवढे मोठे मासे असतील तर उघडा संपच बरा. आवाजाचं म्हणाल तर तो ओव्हरफ्लो नीट न केल्यामुळे होतो.

ऑस्करवेडा:
काका, हे गणित कुणीच सांगितलं नव्हतं. पंपाचं पण असंच काही असेल ना?

काच_आणि_सिलिकॉन:
पंपाचं मी सांगतो. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी साडेपाचशे लिटर धरा, ताशी ५ पट म्हणजे पावणेतीन ते ३ हजार लिटर. पण खोक्यावरचा आकडा उंची शून्य असतानाचा असतो. तुम्हाला पाणी दीड मीटरच्या आसपास चढवायचंय, आणि ज्या पंपाची कमाल उंची ३ मीटर लिहिलीये तो तिथे साधारण निम्माच देईल, एल्बो जास्त असतील तर अजून कमी. म्हणून ६ हजारवाला घ्या आणि रिटर्नला व्हॉल्व्ह टाकून दाबून चालवा. १० पटीची गरज नाही, ऑस्करला धबधबा नकोय.
भोकाबद्दल: पीव्हीसी सायफन चालतो पण वरच्या वाकात हवेचे बुडबुडे साठतात आणि एखाद्या दिवशी सायफन तुटतो, पंप मात्र खालचं पाणी वर ढकलतच राहतो. हाच ठेवणार असाल तर पंपाचा कप्पा मुद्दाम लहान करा. ३० बाय ४५ च्या कप्प्यात २० सेंमी पाणी म्हणजे २७ लिटर, ते सगळं वर गेलं तरी टँकमध्ये अडीच सेंमीच चढेल, वर ४ सेंमी मोकळी ठेवलीत की झालं. पंप कोरडा पडेल, पण घर ओलं होणार नाही.
माझं मत विचाराल तर भोकच पाडा. दोन दीड इंची पाइप, एक गेट व्हॉल्व्ह लावून पूर्ण भरून वाहणारा, त्याचा आवाजच येत नाही, दुसरा थोडा उंच, फक्त पहिला तुंबला तर कामाला येणारा. फक्त काच टफन (तापवून कडक केलेली) नाही ना ते आधी बघा. टफन काचेला ड्रिल लावलं की सगळी काच चुरा, तिथे दुसरा चान्स नाही. मोबाइल नाहीतर लॅपटॉपची पांढरी स्क्रीन काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा, काळपट डाग किंवा पट्टे दिसले तर टफन.

ऑस्करवेडा:
बघितलं, तळाच्या काचेत पट्टे आहेत, मागच्या काचेत काहीच नाही.

काच_आणि_सिलिकॉन:
मग मागच्या काचेला वरच्या बाजूला पाडा, कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर सोडून. टँक रिकामा, डायमंड होल सॉ, सतत पाणी, आणि ड्रिलला जोर द्यायचा नाही, शेवटच्या मिलिमीटरला तर नुसतं टेकवायचं.

मीडियावाली:
आता रिंग की बायोबॉल. खरं सांगू, बॅक्टेरियाला नाव वाचता येत नाही. त्यांना पृष्ठभाग, ऑक्सिजन आणि वाहतं पाणी पाहिजे, प्लॅस्टिकच्या भांडी घासायच्या जाळ्या भरल्या तरी चालतं, फक्त साबण लावलेल्या नकोत. क्रम मात्र चुकवू नकोस: पाणी पडतं तिथे आधी फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) किंवा जाड स्पंज, मग बारीक, मग बायो मीडिया, मग पंप. उलटं केलंस तर रिंगांमध्ये विष्ठा बसणार आणि त्या धुण्यातच रविवार जाणार. पंपाच्या आधी पाण्याच्या वाटेत तीन उभ्या काचा, पाणी एकीच्या वरून, एकीच्या खालून, एकीच्या वरून जाईल अशा, म्हणजे बुडबुडे तिथेच राहतात.
आणि जुना कॅनिस्टर लगेच काढू नकोस. त्याचे निम्मे स्पंज संपमध्ये टाक आणि दोन्ही महिनाभर एकत्र चालव, नाहीतर नव्या मीडियावर बॅक्टेरिया बसायला ४ ते ६ आठवडे जातात आणि तोवर अमोनिया माशांच्या कल्ल्यांवर. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात नाही.

ऑस्करवेडा:
सगळ्यांचे आभार. पाइप सोल्युशन लावून चिकटवू का सगळे?

संपवाले काका:
आधी कोरडे जोडून पाणी भरा, पंप चालू करा, मग मुद्दाम प्लग काढा आणि खाली किती चढतं ते बघा. तिथे मार्करनं रेघ मारा, चालू असतानाच्या पातळीला दुसरी. असं चार-पाच वेळा बंद-चालू करून झाल्यावर प्रेशर येतं तेवढेच जोड चिकटवा, पंपाजवळ युनियन (उघडता येणारा जोड) ठेवा म्हणजे पंप काढून धुता येतो. आणि हो, पंपाची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, ओघळ सॉकेटमध्ये जायला नको. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर मासे राहू दे, आधी ती बसवा.