मदत हवी आहे : श्रद्धा आणि महास्फोट (बिग बँग) यांचा मेळ मुलीला कसा समजावून सांगावा?

सर्वांना नमस्कार. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहतो. यंदा चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवतात ती चौकट, बांधताना अकरावीत विज्ञान शिकणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, "बाबा, विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून विस्तारू लागले, तर मग देवाने नेमके काय केले?" मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही.

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा असल्यामुळे पूर्वजांना सारे ठाऊकच होते, असे काही नातेवाईक म्हणतात. परंतु पुराणांतील कालगणना आणि १९६५ साली जाहीर झालेला वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या मंद प्रारणाचा, शोध एकाच तराजूत तोलणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यापेक्षा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त, जे सृष्टीचे मूळ कदाचित तिच्या अध्यक्षालाही (तिच्यावर देखरेख करणाऱ्यालाही) ठाऊक नसेल अशा शंकेवर थांबते, ते मला अधिक जवळचे वाटते. विस्तारणाऱ्या विश्वाचा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. ही गोष्ट मुलीला फार आवडली.

आपल्यापैकी जे रोज देवपूजा करतात आणि भौतिकशास्त्रही शिकवतात, त्यांनी स्वतःपुरती ही सांगड कशी घातली आहे? नासदीय सूक्तावर सोपे मराठी विवेचन कोठे मिळेल, हेही कृपया कळवावे.