मदत हवी आहे: लाइट गेली की मायनस रेल (निगेटिव्ह व्होल्टेजची लाइन) आधी बसते

देवगडात घरीच बेंच सप्लाय (टेबलावरचा, व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय) बनवतोय. १८ व्होल्ट २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, सेंटर टॅप (मधली तार) नाही. एसीचं डीसी करायला डायोड ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे एलएम३१७ (व्होल्टेज रेग्युलेटर; आउटपुट ॲडजस्ट पिनपेक्षा १.२५ व्होल्ट वर ठेवतो). आउटपुट शून्यापर्यंत उतरावं म्हणून व्होल्टेज बदलायच्या पॉटचं खालचं टोक ग्राउंडऐवजी -१.२५ व्होल्टला जोडलंय. तिथे करंट जेमतेम ५ मिलिअँपिअर.

हे मायनस बनवायला आधी ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) वर आयसीएल७६६० (प्लसचं मायनस करणारी चिप) लावून पाहिला. चालला, पण त्याची शिट्टी प्रीअँपमध्ये ऐकू येते. मग ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या एका टोकावरून १०० मायक्रोफॅरड, दोन १एन४००७ डायोड आणि २२० मायक्रोफॅरड असा मायनस देणारा पंप केला. पुढे -१.२५ च्या आसपास धरून ठेवायला रेझिस्टर आणि दोन १एन४१४८ डायोड. मस्त शांत.

घोळ एवढाच, की लाइट गेली (पावसाळ्यात इथे दिवसातून चारदा!) की मायनस आधी संपतं, ४७०० मात्र भरलेलाच. ३.३ व्होल्टवर ठेवलेलं आउटपुट ४.५ वर उडी मारतं. आउटपुटला जोडलेला एक बोर्ड त्यातच गेला. २२० चा १००० केला, पण लोड हलका असला की तरीही तेच. एलएम३१७ ची ॲडजस्ट पिन ग्राउंडला ओढून उपयोग नाही, १.२५ उरतातच.

ट्रान्सफॉर्मर बदलता येणार नाही, डबा कापून झालाय. इथल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे बीसी५४७, बीसी५५७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले मिळतो. बाकी सगळं मुंबईहून कुरिअरने.

मायनस गेल्याबरोबर एलएम३१७ चा इनपुट तोडायला रिले पुरेसा जलद पडेल, की पी-चॅनल मॉसफेटच (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागेल? आणि मायनस ओळखणारा ट्रान्झिस्टर नेमका कसा जोडू?