मुख्याध्यापक निवृत्त होण्याआधी पुढचा माणूस कसा तयार करावा?

सचिव_ग्रामीण_संस्था: नमस्कार. अनुदानित माध्यमिक शाळा आहे, अल्पसंख्याक नाही. मुख्याध्यापक दोन वर्षांनी निवृत्त होतील. कार्यकारिणीला एका हुशार तरुण सरांना आतापासून घडवायचं आहे, पण सेवाज्येष्ठतेत ते सातवे. जमेल का? आणि घडवायचं म्हणजे शिकवायचं काय?

नियमावली८१: सातव्यांचा विचार सोडा. १९८१ च्या एमईपीएस (महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी) नियमावलीतला नियम ३ बघा: पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्यांत जो सर्वात ज्येष्ठ, त्याचाच हक्क. डावललेला शिक्षक एमईपीएस कायद्याच्या कलम ९ खाली ३० दिवसांत स्कूल ट्रिब्युनलकडे (शाळा न्यायाधिकरणाकडे) जाऊ शकतो. निकाल लागेपर्यंत सहीचे अधिकार लटकले की पगारबिलंही लटकतात.
ज्येष्ठता यादीत प्रत्येकासमोर ५८ वर्षं पूर्ण होण्याची तारीख लिहा. पहिले सर चारच महिने मुख्याध्यापक राहणार असतील, तर खरी तयारी दुसऱ्यांची करायची. ज्यांना पद नको, त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी नकार ऐनवेळी फिरतो.

गोपनीय_अहवाल: भर घालतो. ‘सेवा समाधानकारक नाही’ हे निवृत्तीच्या महिन्यात आठवून चालत नाही. शिक्षकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर नियम १५ नुसार त्या काळातलं काम समाधानकारकच धरतात.

हेडक्लार्क: १५ ऑगस्टचं संचलन आणि स्नेहसंमेलन सांभाळून मुख्याध्यापक तयार होत नाही. खरी कामं द्या. ज्येष्ठांपैकी एकाकडे संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होण्याचं काम: आधार जुळत नसलेली मुलं यू-डायसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) शोधून दुरुस्त करणं. पट कमी धरला गेला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि हे कळतं फार उशिरा. दुसऱ्याकडे शालार्थ या सरकारी पगारप्रणालीतलं मासिक बिल आणि रोकडवहीचा बँकेशी मेळ. सहामाहीनंतर अदलाबदल. पासवर्ड वाटू नका. लिपिकाशेजारी बसून, आधी कच्चं बिल कागदावर.
शिवाय आठवड्याला एक तरी पूर्ण तासिका पाहायची, निरीक्षण लिहायचं आणि त्याच दिवशी त्या शिक्षकाशी बोलायचं. बहुतेक जण इथेच अडतात. कालपर्यंतच्या सहकाऱ्याला चूक कशी सांगायची, ही अडचण असते.

सचिव_ग्रामीण_संस्था: आणि त्या तरुण सरांचं?

नियमावली८१: वेळापत्रक, बदली तासिका, शिष्यवृत्तीचे वर्ग त्यांच्याकडे द्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करू द्या. पदाचा शब्द मात्र कार्यकारिणीतल्या कोणीही देऊ नये.