शब्दचर्चा: 'होंगशाओ रोउ'मधल्या 'शाओ'ला मराठीत काय म्हणावं?

शांघायकरीण:
इथे घरोघरी होणारा 'होंगशाओ रोउ' आता मला बऱ्यापैकी जमतो. पुण्याच्या वहिनीने कृती मागितली म्हणून मराठीत लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीत अडले. चिनीत होंग म्हणजे लाल, रोउ म्हणजे मांस. नुसतं 'रोउ' म्हटलं की ते डुकराचंच. बोकडाचं किंवा गाईचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. (आपल्याकडे मटण म्हटल्यावर 'कशाचं?' असं कुठे कोण विचारतं!) घोडं अडतंय ते 'शाओ'पाशी. मूळ अर्थ जळणे, जाळणे. अंगात ताप आला तरी 'फा-शाओ'च. स्वयंपाकात मात्र शाओ म्हणजे आधी तेलात परतायचं, मग बेताच्या पाण्यात सोया सॉस वगैरे घालून झाकून मंद शिजवायचं आणि शेवटी रस आटवायचा. इंग्रजीत याला ब्रेझ म्हणतात. मी 'शिजवा' लिहिलं तर वहिनी कुकर लावून मोकळी होईल. एखादा नेमका मराठी शब्द आहे का?

कोशवाला:
एका शब्दात नाही. ब्रेझ मूळचा फ्रेंच, अर्थ धगधगते निखारे. भांडं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे, त्यावरून क्रियेला नाव पडलं. खाली-वर विस्तव ठेवायची रीत आपल्याकडेही होती, पण तिचं वेगळं क्रियापद काही झालं नाही. 'दम देणे' चालेल का?

मिरचीपूड:
दम नाही चालणार. दमाच्या बिर्याणीला कणकेने तोंड बंद करतात, वाफ बाहेर जाऊ द्यायची नसते. इथे शेवटी झाकण काढून आटवायचं आहे म्हणता ना? माझ्या मते 'मंद आचेवर शिजवा' पुरे. उगाच शब्द पाडत बसू नका, मग ते सरकारी परिपत्रकासारखं वाचावं लागतं.

वसईकर:
आमच्याकडे नाताळात पोर्क इंदियाल असतं. मसाला व्हिनेगरमध्ये वाटलेला, पाणी अगदी नावापुरतं, बाकी सगळं त्या मांसाच्या चरबीवर. कृती सांगताना घरात 'शिजव' कोणी म्हणत नाही, 'तेल सुटू दे' म्हणतात. म्हणजे क्रिया नाही सांगत, खूण सांगतात. ताई, तुम्हीही तसंच करा. बाय द वे, मांस कुठलं घेता?

शांघायकरीण:
पोटाकडचं, कातडीसकट. चिनीत त्याला 'वू-हुआ रोउ' म्हणतात, शब्दशः पाच फुलांचं मांस: चरबी आणि मांस यांचे आलटून पालटून पदर. मराठीत मी 'पदर असलेलं' लिहिलंय, चिरोट्याला पदर सुटतात त्यातला पदर.

वसईकरांची खुणेची सूचना पटली. चिनी लोक तरी कुठे एका शब्दावर भागवतात? टप्प्याटप्प्याला शब्द आहेत. सुरुवातीला 'छाओ थांग-स', म्हणजे साखर परतून रंग काढणे. चमचाभर तेलात दोन चमचे साखर मंद आचेवर ठेवायची. आधी ती विरघळते, मग मधासारखी होते, मग कडेने बारीक फेस धरते. फेस बसायला लागला आणि रंग कोऱ्या चहावर आला की त्याच क्षणी मांसाचे तुकडे टाकायचे. चार-पाच सेकंद इकडेतिकडे झाले की कडू. झाकून मंद शिजवायला 'मन' (हो, असाच उच्चार). भरपूर पाण्यात तासन्‌तास शिजवायचं असेल तर ते 'तुन'. मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात मुरवत शिजवायचं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं, ते 'लू'. तैवानचा भातावरचा लू-रोउ त्यातला. आणि शेवटी 'शोउ-चि', म्हणजे रस गोळा करणे.

जुनी सुगरण:
शेवटच्याला मराठीत शब्दप्रयोग तयार आहे की! 'रस अंगाबरोबर ठेवा.' तुमची 'शोउ-चि' ती हीच. आणि मांसात पाणी गार घालता की गरम?

शांघायकरीण:
गरमच. गार पाण्याने मांस कडक होतं असं इथल्या बायका ठासून सांगतात. पण त्याआधी एकदा गार पाण्यात मांस टाकून उकळी आणायची, वर आलेला फेस काढायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. ते वेगळं.

जुनी सुगरण:
मग 'वरून आधणाचं पाणी घाला' लिहा. 'उकळलेलं गरम पाणी' कशाला? आधण हा शब्द भाताबरोबरच मरायला टेकलाय, निदान डुकराबरोबर तरी जगू दे.

कोशवाला:
हा हा! आणखी एक. आटणे, आळणे, थिजणे हे तीन वेगळे ठेवा. आटतं ते पाणी उडून. आळतं ते घट्ट होऊन, खीर आळते. थिजतं ते गार होऊन, तूप थिजतं. कातडीसकट मांस असेल तर रस दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये थिजणार, कारण कातडीतलं कोलॅजन शिजून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थिजतं तेही त्यामुळेच. मराठी कृत्यांमध्ये हल्ली सगळीकडे 'ग्रेव्ही थिक करा' असतं, त्यात हे तिन्ही गडप.

शांघायकरीण:
अगदी. म्हणूनच यात कॉर्नफ्लॉर लागत नाही. आपल्या गाडीवरच्या चायनीजची चकाकी कॉर्नफ्लॉरची. याची चकाकी साखर, चरबी आणि त्या जिलेटिनची.

आता खरा अवघड शब्द: 'हुओ-होउ'. हुओ म्हणजे आग. आच किती, किती वेळ, कधी वाढवायची, कधी कमी करायची, या सगळ्याची जाण म्हणजे हुओ-होउ. सोंग काळातला कवी सू शी (१०३७–११०१) १०८० मध्ये हद्दपार होऊन ह्वांगचौला आला. तिथे पूर्वेच्या उतारावर शेती करायचा, म्हणून 'तोंगपो' म्हणजे पूर्वेचा उतार हे नाव घेतलं. हांगचौचं तोंगपो रोउ त्याच्याच नावाचं. त्याची डुकराच्या मांसावर एक छोटी कविता आहे. इथे डुकराचं मांस मातीमोल, श्रीमंत खात नाहीत आणि गरिबांना शिजवता येत नाही, असं म्हणून तो रीत सांगतो: भांडं स्वच्छ धू, पाणी थोडं घाल, लाकडं धुमसू दे पण ज्वाळ उठू देऊ नको, घाई करू नको, हुओ-होउ पुरेसं झालं की ते आपसूक छान होईल. ही 'ज्वाळ न उठणारी' आच मराठीत कशी सांगू? 'मंद आच' म्हणजे गॅस सिमवर, एवढंच डोळ्यांपुढे येतं.

सांगलीकर:
वैल! चुलीच्या शेजारचं दुसरं तोंड. तिथे जाळ नसतो, चुलीतली धग तेवढी येते. आमच्या आजीची आमटी चुलीवर उकळी फुटली की वैलावर सरकायची आणि जेवणं होईस्तोवर तिथेच. 'वैलावर ठेवा' म्हटलं की कमी आच, जास्त वेळ, ज्वाळ नाही, हे सगळं आलं. तुमच्या सू शीला हाच शब्द हवा होता.

मिरचीपूड:
आणि पुण्याच्या गॅसवर वैल कुठून आणायचा? चार बर्नरची शेगडी घेतलेल्या माणसाला वैल सांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सांगलीकर:
सगळ्यात छोटा बर्नर असतो ना? तोच वैल. म्हणायला लागा, रुळेल.

शांघायकरीण:
मला आवडला. कवितेच्या भाषांतरात वैल घालते. कृतीत मिरचीपूड यांचं ऐकून 'छोट्या बर्नरवर' लिहिते. असं जुळवलंय, बघा:

'किलोभर मांसाचे सुपारीपेक्षा मोठे तुकडे. साखर कोऱ्या चहाच्या रंगावर आली की तुकडे टाकून परता, सगळीकडून रंग धरू द्या. आलं, पातीचा कांदा, दोन चक्रफुलं, दालचिनीचा तुकडा. तांदळाची शाओशिंग वाइन, साधा सोया सॉस, आणि रंगापुरता गडद सोया सॉस. बुडेल इतकं आधणाचं पाणी. उकळी फुटली की झाकून छोट्या बर्नरवर तास-दीड तास. खदखदू देऊ नका. काडी आरपार गेली की झाकण काढून रस अंगाबरोबर आणा.'

'शाओ' कुठेच आलं नाही. नाव मात्र होंगशाओ रोउच ठेवलंय.

कोशवाला:
'आणा' नको, 'ठेवा'.

मिरचीपूड:
वाइन मिळाली नाही तर? गोड पोर्ट चालेल?

शांघायकरीण:
नको, साखर आधीच आहे. ड्राय शेरी मिळाली तर बघा. मीठ शेवटी चाखूनच घाला, सोया सॉस खारट असतो. आणि वहिनीचा आत्ताच मेसेज आला: 'छान लिहिलंयस. कुकरला किती शिट्ट्या?'

वसईकर:
सांगा तिला, पाणी निम्मं, तीन-चार शिट्ट्या, मग कढईत ओतून आटव. कुकरमध्ये रस अंगाबरोबर येत नाही.