मोठी कंपनी सोडून स्टार्टअपमध्ये : गोव्यातील सॉफ्टवेअरवाल्यांचे अनुभव

मोठ्या कंपनीतून स्टार्टअपमध्ये जावे की नाही, हा प्रश्न गोव्यात पुण्या-बंगळुरूपेक्षा थोडा वेगळा असतो, कारण येथे बहुतेकांसाठी तो घरी परतण्याच्या प्रश्नात मिसळलेला असतो आणि घरच्यांच्या मनात तिसराच पर्याय, म्हणजे सरकारी नोकरी, ठाण मांडून बसलेला असतो. त्यामुळे 'जावे का' हे येथे विचारलेले नाही. गेल्यावर असे काय आढळले जे पगाराच्या आकड्यावरून कळले नव्हते, तेवढेच सविस्तर लिहावे आणि कंपनीचे नाव देऊ नये, अशी विनंती आहे. प्रत्येक अनुभव वेगळ्या माणसाचा आहे आणि त्याच्यावर फक्त गावाचे नाव दिले आहे. सुरुवात मीच करतो.

फोंडा

हिंजवडीतील एका मोठ्या कंपनीत नऊ वर्षे काढून मी पणजीतील अकरा माणसांच्या कंपनीत रुजू झालो. हॉटेलांच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर हे तिचे उत्पादन. जुन्या ठिकाणी प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या, डेटाबेसला हात लावायचा तर आधी चेंज रिक्वेस्ट, मग तिघांची मंजुरी, मग रात्रीची ठरलेली वेळ, आणि एवढे होऊनही क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवणार दुसऱ्याच टीममधला माणूस. या सोपस्कारांची आम्ही जेवणाच्या सुट्टीत यथेच्छ टिंगल करत असू. नव्या ठिकाणी पहिल्याच दुपारी सगळे पासवर्ड माझ्या हाती आले आणि मला तो माझ्यावरचा विश्वास वाटला. (खरे तर ते काम घ्यायला दुसरे कोणी मोकळे नव्हते.)

चवथीच्या आदल्या दिवशी एका हॉटेलाचे सणाचे दर बदलणारी क्वेरी मी घाईघाईत चालवली, बदल कोणत्या हॉटेलापुरता हे सांगणारी तिच्यातली 'व्हेअर'ची अट लिहायची राहून गेली, आणि मी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला घरी निघालो. फोंड्याला पोहोचेपर्यंत सर्व हॉटेलांच्या सर्व खोल्यांचा दर एकच झाला होता. बॅकअप रोज रात्री घेतला जात होता. तो परत चढवून पाहण्याची वेळ मात्र तोवर कोणावर आली नव्हती. सगळे पूर्ववत व्हायला सात तास लागले आणि त्यांतले पाच तास बॅकअपच्या फाइलचा पासवर्ड शोधण्यात गेले, कारण तो ज्याला ठाऊक होता तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. माटोळी धाकट्या भावाने बांधली. आता महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवून पाहिला जातो आणि प्रॉडक्शनमधील प्रत्येक बदलाला आणखी एकाची मंजुरी लागते. या नियमांची टिंगल आमच्याकडच्या मुलांनी जेवणाच्या सुट्टीत सुरू केली आहे.

मडगाव

वरच्या अनुभवातले नुकसान सात तासांत भरून आले. माझे तसे नाही. मी मोठी कंपनी सोडली तेव्हा सेवेला चार वर्षे तीन महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला कायम नोकरदाराची सलग पाच वर्षे लागतात, आणि तिचा हिशेब म्हणजे शेवटचा मूळ पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षे. माझा मूळ पगार ४०,००० रुपये होता. म्हणजे आणखी नऊ महिने कळ काढली असती तर सुमारे १,१५,००० रुपये मिळाले असते. नव्या मालकांना मात्र मी महिन्याभरात हवा होतो, म्हणून नव्वद दिवसांच्या नोटिशीपैकी साठ दिवसांचे पैसेही मीच भरले.

सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, तीस टक्क्यांनी वाढली, असे मी घरी सांगितले होते. पीएफचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो आणि आम्ही होतो चौदा, त्यामुळे मूळ पगाराच्या १२ टक्क्यांचा मालकाचा वाटा बंद झाला. जुना पीएफ काढून घे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते हे वेळीच कळल्यामुळे मी तो खात्यातच राहू दिला. सर्वांत मोठा खड्डा विम्याचा होता. आईवडिलांना कंपनीच्या गटविम्याचे संरक्षण होते, ते माझ्या शेवटच्या दिवशी संपले. मी स्वतः घेतलेल्या पॉलिसीत मोतीबिंदूसाठी दोन वर्षे थांबण्याची अट निघाली, आणि आईची शस्त्रक्रिया तर त्याच पावसाळ्यात करायची होती. खर्च खिशातून केला.

यात स्टार्टअपने मला फसवले असे काही नाही. मोठ्या कंपनीत या गोष्टींची काळजी घेणारा एक अख्खा विभाग असतो आणि त्याच्याकडून येणाऱ्या ईमेल आपण न वाचता पुसून टाकतो.

वास्को

मी सात महिन्यांत परत मोठ्या कंपनीत गेलो. पगार आधी दहा तारखेला, मग वीसला आणि मग दोन हप्त्यांत येऊ लागला. फंडिंग 'जवळजवळ झाले आहे' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या महिन्यांत ऐकले. त्याच सुमारास गृहकर्जासाठी बँकेने मागितलेले खात्याचे उतारे पाहून अधिकाऱ्यांनी सौम्यपणे फाइल बाजूला ठेवली. जाण्याआधी किती महिन्यांचे पैसे बँकेत आहेत हे फाउंडरला विचारायला मला संकोच वाटला होता. आता मुलाखतीत तो प्रश्न मी मोठ्या कंपनीलाही विचारतो, आणि समोरचे हसतात.

पर्वरी

ईसॉपचे, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याच्या हक्काचे (ऑप्शनचे), पत्र मिळाले त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते, हे आधी कबूल करते. २,००० ऑप्शन, दहा रुपये भावाने, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. मी चारही वर्षे पूर्ण केली. नोकरी सोडताना कळले की नव्वद दिवसांत शेअर घेतले नाहीत तर ऑप्शन रद्द होतात. ही अट पत्रासोबतच्या योजनेच्या कागदात होती आणि तो कागद मी कधी उघडलाच नव्हता.

तोवर शेअरचे मूल्यांकन ३१० रुपये झाले होते. भाव आणि मूल्यांकन यांतला फरक शेअर घेताक्षणी पगारात धरला जातो, शेअर विकता येत असोत वा नसोत. म्हणजे ६,००,००० रुपयांच्या न दिसणाऱ्या उत्पन्नावर, माझ्या ३० टक्क्यांच्या टप्प्याने आणि सेस धरून, १,८७,२०० रुपये कर, शिवाय शेअरची किंमत २०,००० रुपये. हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पाने दिली खरी, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपसाठीच आहे, नुसत्या नोंदणीवर मिळत नाही. आणि ती मिळाली असती तरी नोकरी सोडताच कर देय झालाच असता. दोन लाख रुपये भरून जे शेअर कोणाला विकता येत नाहीत ते घ्यावेत का, यावर घरी आठवडाभर चर्चा झाली. मी ते सोडून दिले. कंपनी अजून चालू आहे, आणि तिच्याविषयी काही छापून आले की नवरा वर्तमानपत्र उलटे ठेवतो.

बेती

आमचे सॉफ्टवेअर ट्रॉलरमालकांसाठी आहे : डिझेल, बर्फ आणि उतरवलेली मासळी यांचा हिशेब. बंगळुरूच्या कंपनीत सहा वर्षांत मी एकही ग्राहक पाहिला नव्हता. माझ्यापर्यंत टिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, येई, तेही चार हातांतून गाळून. येथे दुसऱ्याच आठवड्यात मला पहाटे मालीमच्या जेटीवर उभे केले गेले. मी महिनाभर खपून केलेला सुबक फॉर्म तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) ओल्या बोटाने तीनदा दाबला, फोन पँटला पुसला, चौथ्यांदा दाबला आणि मुकाट्याने खिशातली वही काढली. त्या आठवड्यात मी नऊ रकाने गाळून फक्त तीन ठेवले, बटणे अंगठ्याएवढी केली आणि समुद्रात रेंज नसताना नोंदी फोनमध्येच साठतील असे केले.

एक गोष्ट मात्र मुलाखतीत मला सुचली नव्हती आणि कोणी सांगितलीही नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि होड्या बंद म्हणजे आमची मासिक वर्गणीही बंद. त्या दोन महिन्यांत आम्ही पाचही जण अर्ध्या पगारावर होतो आणि मी एका शाळेची वेबसाइट करून दिली. १ ऑगस्टला पहाटे चार वाजता त्याच तांडेलाचा फोन आला. बर्फाची नोंद दोनदा उमटली होती. मी लॅपटॉप उघडला तेव्हा पलीकडून इंजिनांचा आवाज येत होता.