वनरक्षक भरती: जंगलातल्या अनुभवाला गुण का नाहीत?

रानभूल
२०२३ च्या वनरक्षक भरतीत लेखी परीक्षा १२० गुणांची होती: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. धावण्याचे ८०. अनुभवाचे शून्य. आमच्या भागात पीआरटीची (गावातल्या प्राथमिक प्रतिसाद पथकाची) पोरं आहेत. गावाजवळ वाघ आला की बघ्यांना मागे रेटायला हीच पुढे असतात. उन्हाळाभर फायर वॉचर म्हणून वणव्यामागे पळतात. वारा फिरला तर आग कुठल्या नाल्याशी अडवायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि निवड कुणाची? समानार्थी शब्द पाठ असणाऱ्याची. अनुभवाला निदान २० गुण द्या.

तारीख पे तारीख
भाऊ, बीटवर, म्हणजे वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, गुन्हा घडला की पहिला कागद वनरक्षकच करतो. पीओआर (गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल), पंचनामा, जप्ती सगळं त्याच्या हातचं. सागाच्या ओंडक्याची गोलाई एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतीच. पंचांच्या सह्या, पण वेळच घातलेली नाही. असे पंचनामे मी कोर्टात पाहिलेत. बचावाच्या वकिलाला आणखी काय हवं? बिबट्याच्या कातडीच्या गुन्ह्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ३ ते ७ वर्षं कैद आहे, पण आरोपी सुटतो तो अशाच कागदावर. बारावीची अट मला तर कमीच वाटते.

रानभूल
बारावी काढा असं मी कुठे म्हटलं? आणि विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय बारावीला असला की अर्ज भरता येतो. अर्थशास्त्रवाल्याला तरी पंचनामा कुठे येतो?

चहा_टपरी
अनुभवाला गुण म्हणजे अनुभवाचा दाखला. तो देणार कोण? साहेबच. मग साहेबाच्या भाच्याने पाच वर्षं वणवे विझवलेले निघतील, ते पण पुण्यात बसून.

वैनगंगा
+१. शिक्षण वाढवूनही उपयोग नाही. आमच्यासोबतचे बीई, एमएस्सीवाले तलाठी किंवा पीएसआयची यादी लागली की राजीनामा देऊन मोकळे. बीट परत रिकामी, आणि शेजारच्या बीटवाल्यावर अतिरिक्त कार्यभार. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवर घेतात, त्यातली स्थानिक पोरं टिकतात. कागद कच्चा असतो, मान्य. वर्षभरात वनपाल, म्हणजे वनरक्षकाचा वरचा साहेब, शिकवतो.

तारीख पे तारीख
वर्षभर चुकलेल्या पंचनाम्यांचं काय मग?

रानभूल
दाखल्याचा मुद्दा पटला, टपरीवाले. मग दाखला नकोच. शेवटी पुरुषांना चार तासांत २५ किमी चालायला लावतात, महिलांना १६. ती चाल डांबरी रस्त्यावर कशाला? जंगलवाटेने न्या. वाटेत ठसा, विष्ठा, ताजा तोडलेला बुंधा दाखवा आणि जागेवर पंचनामा लिहून घ्या. तपासणारे दुसऱ्या वनवृत्तातले.

चहा_टपरी
पहिल्याच दिवशी कोणीतरी स्टे आणेल. "मला बिबट्याचा ठसा अस्पष्ट दिला, त्याला स्पष्ट."

तारीख पे तारीख
पंचनामा लिहून घेणार असाल तर माझी हरकत नाही. पण ठसे ओळखणं प्रशिक्षणातही शिकता येतं, त्यासाठी भरती कशाला अडवायची?

वैनगंगा
ताई/दादा जे असाल ते, प्रशिक्षणाला नंबर लागतो कधी ते आधी विचारा. मला रुजू झाल्याच्या आठवड्यात बीट दिली होती. हद्दीचे दगड कुठे आहेत, ते वनमजुराने दाखवले.