मदत हवी आहे: व्हॅनचा एबीएसचा आणि स्टिअरिंगचा दिवा एकदमच लागतो, स्कॅनर म्हणतो कम्युनिकेशन गेलं

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. गाडीचं सगळं आधीच सांगतो म्हणजे परत विचारायला नको. २०१९ची डिझेल व्हॅन, आठ सीटर, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. दाबोळी नाहीतर मोपा एअरपोर्टची भाडी, मधेमधे मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं अशी देवळं-चर्चची ट्रिप. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की लोक कंपनीवरूनच भांडत बसतात. गाडी नीट ठेवलेली आहे, सर्व्हिसिंग वेळेवर, मे महिन्यात पावसाच्या आधी अंडरबॉडी कोटिंगपण करून घेतलंय.

तर झालं असं की जून संपत आला होता, दिवाडीला जायला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीच्या रांगेत होतो, फेरीत गाडी चढवून जागेवर बसवायला स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि टुंग करून एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, हँडब्रेकचा लाल दिवा सगळं एकदम पेटलं आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. मागची माणसं हॉर्न मारतायत, फेरीवाला ओरडतोय, मी घामाघूम. चावी बंद करून परत लावली तर सगळं गायब. म्हटलं पाणी गेलं असेल कुठंतरी. नंतर आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आता रोज. पार्किंग करताना किंवा यू-टर्न मारताना जास्त, हायवेला सरळ चाललो तर तास तास काही होत नाही. एकदा चालत्या गाडीत झालं तेव्हा स्पीडचा काटा पण शून्यावर गेला.

गॅरेजात स्कॅन केलं. स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कंप्युटरमध्ये, यू०१२१ म्हणजे एबीएसशी बोलणं तुटलं. एबीएसमध्ये यू०१३१ म्हणजे स्टिअरिंगशी बोलणं तुटलं. इंजिनच्या मॉड्यूलमध्ये हे दोन्ही. शिवाय एबीएसमध्ये सी ने सुरू होणारा एक होता, सप्लाय व्होल्टेज कमी असा, तो जुना असेल सोडून द्या म्हणाले. पहिल्या गॅरेजनं डाव्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलला, काही फरक नाही. बॅटरी नवीन टाकली, फरक नाही. आता म्हणतात एबीएसचं युनिटच गेलं, ५२ हजार. दुसरा म्हणतो स्टिअरिंगची मोटर गेली. दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि दोघांचंही ऐकलं तर गाडी विकूनच पैसे फेडावे लागतील. मला मीटर धरता येतो, थोडंफार वायरिंग कळतं. कुठून सुरुवात करू? चवथ तोंडावर आहे, भाडी सोडवत नाहीत.

रिकामटेकडा
पावसात सगळ्या गाड्यांचं असंच होतं हो. फ्यूज काढून परत बसवा, कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडांवर, स्प्रे मारा, आणि एकदा उंदीर बघा. आमच्या गाडीत उंदरानं डॅशबोर्डमागं घरच केलं होतं, पोरंबाळं सगळी.

डिचोलीचा वायरमन
पात्रांव, ५२ हजार खिशातच ठेवा. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, यू कोड म्हणजे दुसऱ्याबद्दलची तक्रार. ज्या मॉड्यूलमध्ये कोड सापडला तो आजारी नाही, त्याला समोरच्याचा आवाज येईना एवढंच तो सांगतोय. आता तुमच्या गाडीत कोण कोणाबद्दल ओरडतंय ते बघा. एबीएस आणि स्टिअरिंग एकमेकांबद्दल ओरडतात, इंजिन दोघांबद्दल ओरडतं, पण इंजिन हरवलं असं कुणीच म्हणत नाही. म्हणजे बोलायची लाइन जिवंत आहे, तेवढेच दोघं एकाच वेळी झोपतात. दोन मॉड्यूल एकाच वेळी खराब होणं म्हणजे लॉटरीच, म्हणून दोघांना कॉमन काय आहे ते शोधायचं.

स्पीडचा काटा शून्यावर गेला त्याचं कारणपण तेच. बऱ्याच गाड्यांत स्पीड चाकांच्या सेन्सरकडून एबीएसला जातो आणि एबीएस तो सगळ्यांना वाटतो. स्टिअरिंगला स्पीड लागतो कारण हळू चालताना हलकं आणि जोरात चालताना घट्ट करायचं असतं. एबीएस गप्प झाला की स्टिअरिंग बिचारं आंधळं. म्हणून स्टिअरिंग खराब दिसलं तरी मूळ दुसरीकडं असू शकतं.

तरीपण खात्रीसाठी कॅनची लाइन मोजा, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाचदहा मिनिटं थांबा, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओम बघा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० दाखवायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकीला चिकटल्या.

घाटवाटा
मधेच बोलतो, सॉरी. एबीएसच्या पिवळ्या दिव्याबरोबर लाल ब्रेकचा दिवापण लागतो म्हणालात ना, ते हलक्यात घेऊ नका. फक्त पिवळा म्हणजे ब्रेक साधे झाले. दोन्ही लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारा भागही बंद असू शकतो, मग ओल्या रस्त्यावर जोरात दाबलं की मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. चोर्ला घाटात पॅसेंजर घेऊन जाऊ नका हे होईपर्यंत. भाडं गेलं तरी चालेल.

धागाकर्ता
@घाटवाटा बरोबर, कालपासून भाडी भावाच्या गाडीवर वळवलीत.
@डिचोलीचा वायरमन मोजलं. ६० ओम नाही, ६१ आलं, मीटर स्वस्तातला आहे. बॅटरी जोडून चावी ऑन करून बघितलं तर पिन ६ वर २.६ आणि पिन १४ वर २.४ व्होल्ट. एबीएसच्या कपलरची अर्थिंगपण (बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) बघितली, ०.३ ओम, म्हणजे अर्थिंग ओके. उंदीर नाही, एक पाल होती. आता काय?

डिचोलीचा वायरमन
लाइन एकदम चांगली आहे. दोन्ही वायरी अडीचच्या आजूबाजूला असतात आणि बोलताना एक वर जाते एक खाली, मीटरवर सरासरी तुम्हाला आली तशीच येते. पण अर्थिंग ओके हे मी मानत नाही. ओममध्ये मोजताना मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो, वायरीची शंभर तारांतली एक तार टिकली असली तरी मीटर खूश. स्टिअरिंगची मोटर उभ्या गाडीत चाक कापताना तीस-चाळीस अँपिअर ओढू शकते, त्या एका तारेतून एवढं जाईल का? म्हणून तुमचा प्रॉब्लेम फेरीत आणि पार्किंगला येतो, हायवेला नाही, तिथं मोटरला कामच नाही. पाऊस निमित्त आहे. आणि तो सोडून द्या म्हटलेला व्होल्टेज कमीचा कोड, मी असतो तर त्याच्यापासूनच सुरू केलं असतं.

असं करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब एबीएसच्या कपलरला मागून अर्थिंगच्या वायरीत, कपलर जोडलेलाच राहू दे. इंजिन चालू. कुणालातरी आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं म्हणजे अर्थिंग करंट अडवतेय, चोर सापडला. हेच स्टिअरिंगच्या अर्थिंगवर.

रिकामटेकडा
पाल चालते, उंदीर खाते का ते माहीत नाही.

धागाकर्ता
बायकोला आत बसवलं, ती म्हणाली लायसन्स नाही, म्हटलं गाडी हलणार नाही आहे, फक्त चाक फिरव. फिरवायच्या आधी ०.१५. फिरवलं आणि २.३ व्होल्ट!! आणि त्याच क्षणी टुंग, सगळे दिवे. परत केलं, परत तेच. स्टिअरिंगच्या अर्थिंगवर पण तेवढंच. म्हणजे दोघांची अर्थिंग एकाच ठिकाणी जाते असं दिसतंय. वायर धरून धरून मागं गेलो, ती बॅटरीच्या ट्रेखाली डावीकडं बॉडीवर एका बोल्टला लागते. ट्रे काढायला अर्धा तास.

आणि आता डोक्याला हात लावा. बोल्टखाली बॉडीवर काळं डांबरासारखं कोटिंग. मे महिन्यात कोटिंगवाल्यानं तो बोल्ट खोलला, खाली फवारा मारला, आणि त्याच्यावरच दोन्ही लग (अर्थिंगच्या वायरींच्या टोकाच्या कड्या) ठेवून परत आवळला. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता आणि त्यालाही पावसात हिरवट पांढरी बुरशी धरलेली. पहिल्या पोस्टमध्ये मीच लिहिलंय की गाडी नीट ठेवलेली आहे, कोटिंग केलंय.

डिचोलीचा वायरमन
हाहा. खाऱ्या हवेत कोटिंग चांगलंच आहे हो, पण बोल्टखाली नको. आता बॅटरी काढूनच काम करा. कोटिंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, लग पण घासा, नाहीतर नवीन क्रिम्प करा, नवीन बोल्ट, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेंट, आधी नाही. बाकीच्या अर्थिंगचे बोल्ट पण बघून घ्या, एकाला केलं त्यानं दुसऱ्यालाही केलेलं असेल.

धागाकर्ता
शेवटचं अपडेट, दहा दिवसांनी. दोन्ही लग नवीन, बोल्ट नवीन, खर्च दोनशेच्या आत. आता स्टिअरिंग फिरवताना ०.०६ येतंय. इंजिनाजवळ आणखी एक बोल्ट तसाच कोटिंगवर बसवलेला सापडला. दिवाडीची फेरी चार वेळा चढली-उतरली, टुंग नाही. फक्त बॅटरी परत जोडल्यावर स्टिअरिंगचा दिवा जाईना म्हणून घाबरलो होतो, दोन्ही बाजूंना पूर्ण कापून सरळ केल्यावर आणि थोडं चालवल्यावर गेला. गाडी सरळ चालताना स्टिअरिंगचं चाक अगदी किंचित डावीकडं राहतंय, ते आधीपण होतं की काय आठवत नाही.

डिचोलीचा वायरमन
दिव्याचं ते नॉर्मल, बऱ्याच गाड्यांत मधली जागा परत शिकवावी लागते. चाक डावीकडं राहतंय तर अलाइनमेंट करून घ्या आणि त्यानंतर स्कॅनरवर स्टिअरिंग अँगल झिरो करायला सांगा, याच क्रमानं. जुने कोड पुसा आणि महिन्यानं परत बघा.

धागाकर्ता
उद्याच करतो. खूप खूप आभार, फोंड्याला आलात तर चहा माझ्याकडून, भजी पण. आणि मंडळी, काढून ठेवलेला डाव्या चाकाचा जुना स्पीड सेन्सर आता कळतंय की एकदम चांगला होता, कुणाला लागत असेल तर फुकट घेऊन जा. जुनी बॅटरी मात्र देणार नाही, ती भावाच्या गाडीला बसवली.